निसर्गोपचार

औषधी द्रव्ये व शस्त्रक्रिया यांचा आश्रय न घेता आहार, उपवास, पाणी, माती, सूर्यप्रकाश, हवा, मर्दन, व्यायाम व विश्रांती यांच्या साहाय्याने आरोग्य राखण्याच्या आणि रोग हटविण्याच्या पद्धतीस ‘निसर्गोपचार’ म्हणतात. शरीराच्या ठायी स्वतःची दुरुस्ती करून घेण्याची शक्ती असते आणि त्या शक्तीच्या मार्गातील अडथळे दूर करणे एवढेच उपचारकाचे काम असते, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. जखम भरून येणे, मोडलेले हाड सांधणे, साधे पडसे काही दिवसांत आपोआप बरे होणे या नित्याच्या गोष्टी त्या शक्तीची साक्ष देतात. ही शक्ती कोठवर पुरते व कोठे अपुरी पडते, हा निसर्गोपचाराच्या विचारातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

इतिहास : ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ (इ. स. पू. सु. ४६०–सु. ३७०) यांच्या परंपरेतील ग्रंथांत आहार, हवा, पाणी व वसतिस्थान यांचा आरोग्याशी असलेला संबंध सांगितला आहे. आयुर्वेदातही दिनचर्या, ऋतुचर्या, पथ्य व लंघन यांना मोठे स्थान आहे. तथापि त्यात औषधी द्रव्यांचा विपुल वापर होत असल्यामुळे निसर्गोपचार ही त्याहून निराळी पद्धती ठरते.

आधुनिक निसर्गोपचाराचा उगम एकोणिसाव्या शतकातील जर्मनभाषिक यूरोपात झाला. सायलीशियातील ग्रेफेनबर्ग (आता चेक प्रजासत्ताकात) येथील शेतकरी व्हिन्सेंट्स प्रीस्निट्स (१७९९–१८५१) यांनी थंड पाण्याच्या पट्ट्या, स्नाने व मोकळ्या हवेतील श्रम यांवर आधारलेले उपचारकेंद्र चालविले. बव्हेरियातील धर्मोपदेशक झेबास्टिआन क्नाइप (१८२१–९७) यांनी जलोपचारास आहार, व्यायाम व वनस्पती यांची जोड दिली. त्यांचा जलोपचारावरील ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. लाइपसिकचे लूई कूने (१८३५–१९०१) यांनी सर्व रोगांचे मूळ एकच, ते म्हणजे शरीरात साठलेले विजातीय द्रव्य, असे प्रतिपादन करून कटिस्नानाचा पुरस्कार केला. आडोल्फ युस्ट (१८५९–१९३६) यांनी मातीच्या उपचारांवर भर दिला. त्या काळी रक्तमोक्षण व पाऱ्याची औषधे यांसारखे उपाय वैद्यकात रूढ होते. जलोपचाराकडे वळलेला रोगी निदान या अपायांपासून तरी वाचत असे. निसर्गोपचाराच्या प्रारंभीच्या लोकप्रियतेचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

भारतातील प्रसार : भारतात निसर्गोपचाराला लोकमान्यता मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः महात्मा गांधींकडे जाते. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी युस्ट व कूने यांचे ग्रंथ वाचले आणि मातीच्या पट्ट्या, कटिस्नान व आहारनियमन यांचे प्रयोग स्वतःवर व आप्तांवर केले. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रातून त्यांनी आरोग्यविषयक लेखमाला लिहिली. पुण्याच्या आगाखान राजवाड्यातील स्थानबद्धतेत (१९४२–४४) त्यांनी या विषयाची पुन्हा मांडणी केली. १९४५ मध्ये पुण्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली निसर्गोपचारासाठी अखिल भारतीय विश्वस्त निधी स्थापन झाला. शहरातील चिकित्सालय खेड्यांतील गरिबांच्या उपयोगी पडणार नाही, असे वाटल्यावरून मार्च १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे जाऊन निसर्गोपचार आश्रमाचा पाया घातला. पुढे मणिभाई देसाई यांनी या आश्रमाची धुरा सांभाळली. पुण्यातील राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था १९८६ पासून कार्य करीत आहे. निसर्गोपचार व योगविज्ञान यांचा साडेपाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम देशातील अनेक महाविद्यालयांत शिकविला जातो.

गांधींच्या आयुष्यातील एक प्रसंग या पद्धतीच्या मर्यादेवर प्रकाश टाकतो. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छशोथ झाला आणि १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेल्याने ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. निसर्गोपचारावर दृढ विश्वास असलेल्या गांधींनी या शस्त्रक्रियेस लेखी संमती दिली होती. सुजलेले आंत्रपुच्छ फुटून उदरात पू पसरण्याचा धोका असतो आणि अशा वेळी पोट शेकणे किंवा एनिमा देणे घातक ठरू शकते.

उपचारांचे प्रकार : (१) जलोपचार : थंड पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्यांचे आकुंचन होते व उष्णतेने त्यांचे प्रसरण होते. याच तत्त्वावर पट्ट्या, कटिस्नान, पादस्नान, वाफारा इ. उपचार आधारलेले आहेत. ओल्या फडक्यावर कोरडे लोकरी वस्त्र गुंडाळल्यास पट्टी प्रथम थंड व नंतर शरीराच्या उष्णतेने उबदार बनते. स्नायूंचे दुखणे, सांध्यांचा ताठरपणा व निद्रानाश यांत अशा उपायांनी आराम पडतो. पाण्यात शरीराचा भार कमी जाणवत असल्याने संधिविकाराच्या रोग्यास व्यायाम करणे सोपे जाते.

(२) मृत्तिकोपचार : स्वच्छ, चाळलेली माती भिजवून तिची पट्टी पोटावर, कपाळावर किंवा दुखऱ्या भागावर ठेवतात. ओलावा दीर्घकाळ टिकत असल्याने त्या भागास थंडावा मिळतो. उघड्या जखमेवर माती लावू नये. मातीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजुके असू शकतात.

(३) सूर्यप्रकाश : सूर्यकिरणांतील जंबुपार प्रारणामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते व त्याच्या अभावी मुलांना मुडदूस होतो. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अतिरेकी ऊन मात्र त्वचेला अपायकारक असते.

(४) उपवास : अन्न बंद केल्यावर यकृतातील ग्लायकोजेनाचा साठा सु. एका दिवसात संपत येतो व नंतर शरीर वसेवर निर्वाह करते; त्याबरोबर स्नायूंतील प्रथिनेही खर्ची पडतात. अल्पकाळचा उपवास निरोगी प्रौढास सहसा बाधत नाही. इन्शुलीन घेणाऱ्या मधुमेह्यात मात्र रक्तातील साखर एकाएकी घटून प्राणसंकट ओढवू शकते. दीर्घ उपवासानंतर एकदम भरपूर अन्न घेतल्यास रक्तातील लवणांचा समतोल बिघडतो. म्हणून तो सोडणेही क्रमाक्रमाने व्हावे लागते.

(५) आहार : निसर्गोपचारातील ज्या भागास आधुनिक विज्ञानाने सर्वाधिक पुष्टी दिली तो हाच होय. डच वैद्य क्रिस्तिआन आइकमान यांना १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर असे आढळले, की पांढऱ्या सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा पक्षाघात होतो व आहारात कोंडा घातल्यास त्या बऱ्या होतात. कोंड्यातील हे द्रव्य पुढे ब१ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. कोकण व गोवा येथील उकड्या तांदळात भात सालीसकट भिजवून उकडतात. त्यामुळे या जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्यात शिरतो व नंतरच्या सडण्यात सर्वस्वी वाया जात नाही. १९३४ मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा प्रचार केला, त्यामागे ग्रामीण रोजगाराइतकीच पोषणाची दृष्टी होती. नाचणीच्या १०० ग्रॅ. दाण्यांत ३४० मिग्रॅ.हून अधिक कॅल्शियम असते. सडीक तांदळात ते अगदी अल्प असते. कडधान्यांना मोड आणल्याने क जीवनसत्त्व तयार होते. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ किंवा उसळ, पालेभाजी, ताक व ऋतूतील फळ असे साधे जेवण बहुतेक पोषक द्रव्ये पुरविते. ‘नैसर्गिक’ या शब्दाने मात्र फसू नये. मधुमेह्याच्या दृष्टीने गूळ व मध हीही साखरच होय. [⟶ आहार व पोषण].

(६) सूचिचिकित्सा : बारीक सुया त्वचेत ठराविक बिंदूंवर टोचण्याची ही प्राचीन चिनी पद्धती ‘ॲक्युपंक्चर’ या नावाने परिचित असून भारतातील निसर्गोपचाराच्या अभ्यासक्रमात तिचा समावेश होतो. ‘ची’ नावाची जीवनशक्ती बारा मुख्य मार्गांनी शरीरात वाहते व तिचा प्रवाह अडला की रोग होतो, अशी यामागील पारंपरिक कल्पना आहे. शरीररचनेत असे मार्ग आढळलेले नाहीत. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस यांच्याबरोबर बिजयकुमार बसू हे होते. बसूंनी १९५८ मध्ये चीनमध्ये ही विद्या शिकून भारतात तिचा प्रसार केला. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७·६ टक्के, भलत्याच जागी उथळ सुया टोचलेल्यांपैकी ४४·२ टक्के व नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७·४ टक्के रोग्यांना सहा महिन्यांनंतर गुण आला होता. सुई टोचण्याने वेदना कमी होतात, परंतु बिंदूंच्या नेमक्या स्थानास फारसे महत्त्व नाही, असा यावरून निष्कर्ष निघतो. सुया निर्जंतुक नसल्यास यकृतशोथाचा संसर्ग व छातीवर खोल गेल्यास फुप्फुसास इजा संभवते. या चिकित्सेच्या नियमनासाठी महाराष्ट्रात २०१५ चा अधिनियम आहे.

मूल्यमापन : निसर्गोपचाराची शक्ती व मर्यादा या दोन्ही क्षयरोगाच्या इतिहासात स्पष्टपणे दिसतात. रोबेर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला. त्यामुळे सर्व रोगांचे मूळ विजातीय द्रव्यात आहे, हे मत टिकण्यासारखे राहिले नाही. तरीही परिणामकारक औषध हाती नसल्याने पुढील सहा दशके शुद्ध हवा, विश्रांती, ऊन व सकस अन्न हाच क्षयावरील मुख्य उपचार होता. स्वित्झर्लंडमधील लेझँ, तसेच महाराष्ट्रात मिरज व पाचगणी येथील आरोग्यधामे याच तत्त्वावर चालत. तेथे काही रोगी बरे होत, तर अनेक दगावत. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध लागला व त्यापाठोपाठ इतर औषधे आली. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या व १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी राहून औषधे घेणारे रोगी व आरोग्यधामात तीच औषधे घेणारे रोगी यांची तुलना करण्यात आली. घरच्या रोग्यांची घरे दाटीची व अन्न निकृष्ट होते; तरी दोन्ही गटांतील रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले. रोग हटविणारी होती ती औषधे.

यावरून अन्नाचे महत्त्व नाही असे मात्र ठरत नाही. झारखंडमधील क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना शिधा व जीवनसत्त्वे पुरवून केलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या कुटुंबीयांतील क्षयाचे नवे रोगी सु. ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. शरीरात शिरलेल्या जंतूंना मारण्याचे काम औषधाचे आणि त्यांना थोपवून धरण्याचे सामर्थ्य शरीराला देण्याचे काम अन्नाचे, अशी ही वाटणी आहे.

स्थूलता, मलावरोध, सौम्य रक्तदाबवृद्धी, प्रौढपणी होणारा मधुमेह व जुनाट अंगदुखी यांसारख्या राहणीशी निगडित विकारांत निसर्गोपचारातील आहार, व्यायाम व विश्रांती यांचा उपयोग मोठा आहे. चालू औषधे मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत. छातीतील तीव्र कळ, पक्षाघाताची लक्षणे, सर्पदंश, स्त्रियांच्या स्तनातील गाठ किंवा दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला असताना निसर्गोपचारावर विसंबून वेळ घालविणे जिवावर बेतू शकते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे हा उत्तम प्रथमोपचार आहे; तथापि त्यानंतर लस टोचून घेतलीच पाहिजे, कारण अलर्क रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. [⟶ आयुर्वेद, क्षयरोग].