विधानसभा हाती आली, मग पुढे काय होतं?



मतमोजणीच्या दिवशी गावोगावी गुलाल उडतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मिरवणूक निघते आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या फडात. पुढचं काम मुंबईचं, असं आपण धरून चालतो. गट ऑफिसात आणि वजनकाट्यावर मग एकच चर्चा चालते : मंत्री कोण झाला आणि पालकमंत्री कोण येणार. एखादा म्हातारा सभासद मात्र विचारतो, "ते झालं हो, पण सरकार आता करतंय काय?" प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर आपल्या पावतीशी, बिलाशी आणि मतदार यादीशी जोडलेले आहे. म्हणून हा लेख. त्यात कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा आमचा विचार नाही. आपल्या सभासदांत सर्व पक्षांचे लोक आहेत, आणि ऊस सगळ्यांचा एकाच गव्हाणीत पडतो.

विधानसभेच्या जागा २८८. त्यांतल्या १४५ ज्याच्या मागे, त्याचे राज्य. २०२४ च्या नोव्हेंबरात निकाल लागला तेव्हा भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१, असे तिघांचेच २३० भरले. आपल्या जिल्ह्याच्या चार जागा मात्र दोन-दोन वाटल्या गेल्या. तुळजापूर आणि परंडा सत्तेच्या बाजूला, तर धाराशिव आणि उमरगा विरोधात. परंड्याचा फरक तर दीड हजारांच्या आसपास होता. २३ तारखेला निकाल, ४ डिसेंबरला विधिमंडळ पक्षाचा नेता निवडला, ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथ. इतके बहुमत असूनही बारा दिवस गेले, कारण तिघांच्या घरात खाती वाटायची होती. २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. म्हणजे मुख्यमंत्री धरून आपल्याकडे ४३. त्या ४३ त आपल्या जिल्ह्याचा कोणी नव्हता आणि पालकमंत्री ठाण्याहून आले. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेच्या बैठकीत अध्यक्षाची खुर्ची पालकमंत्र्याची असते, एवढे इथे सांगून पुढे जातो.

सत्ता आलेला पक्ष सर्वांत आधी धरतो ती खुर्ची मंत्र्याची नसते, ती विधानसभेच्या अध्यक्षाची असते. सभागृहात कोणी किती वेळ बोलायचे, कोणते विधेयक केव्हा घ्यायचे हे अध्यक्ष पाहतो, आणि पक्ष सोडून गेलेला आमदार अपात्र की पात्र हेही तोच ठरवतो. आपल्या राज्यात ही खुर्ची मध्यंतरी सव्वा वर्षाहून जास्त काळ रिकामी होती. २०१९ च्या डिसेंबरात नाना पटोले बिनविरोध अध्यक्ष झाले, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. महाविकास आघाडीजवळ बहुमत होते, पण अध्यक्षाचे मतदान तेव्हा गुप्त असे. आपलीच मते फुटतील अशी धास्ती. म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी नियम बदलला आणि मतदान उघड केले. राज्यपालांनी तारीखच दिली नाही. मग जून २०२२ च्या अखेरीस सरकार बदलले आणि जुलैत त्याच बदललेल्या नियमाने, उघड शिरगणती करून, नव्या सरकारने आपले अध्यक्ष राहुल नार्वेकर यांना १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आणले. विहीर एकाने खणली आणि पाणी दुसऱ्याने ओढले. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ ने मंजूर झाला, आणि खरी शिवसेना कोणाची याचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये त्याच अध्यक्षांनी दिला. २०२४ च्या डिसेंबरातही नार्वेकरच पुन्हा, या खेपेला बिनविरोध.

आपल्या जिल्ह्याचे नाव घ्या ना. उस्मानाबादचे धाराशिव करायचे हे १९९५ ला आलेल्या युती सरकारनेच ठरवले होते. पुढचे सरकार आले आणि ते मागे पडले. त्यानंतर २९ जून २०२२. उद्धव ठाकरे सरकारच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत धाराशिव हे नाव मंजूर झाले आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. नवे सरकार म्हणाले, राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितल्यानंतर घेतलेला हा निर्णय टिकणार नाही. म्हणून १६ जुलैला त्यांनी तोच निर्णय पुन्हा घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नावाला केंद्राची मान्यता आली, सप्टेंबरात जिल्ह्याची व तालुक्याची अधिसूचना निघाली, मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयानेही ते मान्य केले. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन सरकारांनी सतरा-अठरा दिवसांच्या अंतराने एकच निर्णय घेतला तो श्रेय कोणाच्या नावावर चढायचे यासाठी, असे आम्हांला वाटते. (ज्यांना १९८२ चा ऑगस्ट आठवतो, लातूर आपल्यातून वेगळे निघाले तो, त्यांना पाट्या बदलण्याचे फारसे नवल वाटले नसेल.)

पाटी बदलली म्हणून उसाचा उतारा वाढत नाही, की कमी होत नाही. खरा मामला पुढे आहे. नवे सरकार खालच्या संस्थांत मत कोणी द्यायचे याचा कायदा बदलते.

सरपंच पाहा. २०१७ साली फडणवीस सरकारने सरपंच थेट गावाच्या मताने निवडायचा कायदा केला. २०२० मध्ये आघाडी सरकारने तो काढला, पुन्हा सदस्यांमधून सरपंच. जून २०२२ च्या अखेरीस शिंदे सरकार आले आणि जुलैत पुन्हा थेट. नगराध्यक्षाची कथा अशीच, २०१६ ला थेट, मग बंद, मग २०२२ ला परत थेट. पाच-सहा वर्षांत एकाच गावच्या माणसाला तीन तऱ्हांनी सरपंच करून दाखवला. ज्या पक्षाची पकड गावच्या सदस्यांवर तो म्हणतो सदस्यांतून निवडा, ज्याची लाट तो म्हणतो थेट निवडा. कारणे दोघेही लोकशाहीचीच सांगतात.

आपल्याला जास्त जवळचा दाखला बाजार समितीचा. सोयाबीन, तूर, हरभरा घेऊन आपण जातो तिथे संचालक कोण निवडतो? जुन्या रीतीने विकास सोसायट्यांचे संचालक, ग्रामपंचायतीचे सदस्य, व्यापारी आणि हमाल-मापाडी. २०१७ साली कायदा झाला की किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि समितीत माल विकणाऱ्या शेतकऱ्याला स्वतः मत देता येईल. २०२० च्या सुरुवातीला पुढच्या सरकारने ते काढून घेतले. कारण दिले निवडणुकीच्या खर्चाचे, आणि खर्च समित्यांना झेपत नव्हता हेही खोटे नाही. २०२२ च्या जूनअखेर सरकार फिरले, जुलैत मताचा हक्क परत देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला. त्याच सालच्या नोव्हेंबरात दुसरा निर्णय आला की शेतकऱ्याला निवडणुकीला उभे राहता येईल. आणि एप्रिल २०२३ मध्ये निवडणुका झाल्या त्या सोसायटीवाल्यांच्या आणि ग्रामपंचायत सदस्यांच्याच मतांवर. म्हणजे शेतकऱ्याने उमेदवार व्हावे, मत मात्र स्वतःलाही देता येऊ नये! आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदाने हे ऐकून विचारले, "मग नवरदेवाला जेवायलाच वाढायचं नाही म्हणता?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

हे सगळे आपल्या कारखान्याला लागू पडते, कारण आपले मतसुद्धा त्याच सभागृहाने केलेल्या कायद्यातून आलेले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याच्यात किती दुरुस्त्या झाल्या याची मोजदाद वकिलांनीच करावी. एक माणूस एक मत, मग त्याचे शेअर कितीही असोत, हे तत्त्व टिकून आहे. पण सभासद कोण, मतदार कोण, निवडणूक केव्हा, याला हात लागत आला आहे. केंद्राच्या ९७ व्या घटनादुरुस्तीमागोमाग २०१३ मध्ये आपल्या राज्याने कायदा बदलला, निवडणुकांसाठी वेगळे प्राधिकरण आणले आणि क्रियाशील व अक्रियाशील सभासद असा फरक केला. सभेला हजेरी नाही, संस्थेची सेवा घेतली नाही, ऊस दिला नाही, तर मताला धोका. त्या कलमांनाही नंतर हात लागला. २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती घटनादुरुस्तीच राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरती बाद ठरवली, कारण सहकार हा राज्याचा विषय. म्हणजे फिरून दोरी मुंबईच्या विधान भवनात. कोरोनात सहकारी निवडणुका पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या आणि मुदत संपलेली मंडळे खुर्चीत राहिली, हेही सरकारच्या आदेशानेच. संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमण्याची कलमे कायद्यात आहेतच. जिल्हा परिषदेत तर २०२२ च्या मार्चपासून प्रशासक बसला तो वर्षानुवर्षे उठला नाही, शेवटी २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले.

म्हणून विधानसभेचे अधिवेशन चालू असेल तेव्हा सहकार कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आहे का, एवढे तरी सभासदाने विचारावे. अशी विधेयके बहुधा शेवटच्या दोन दिवसांत, गोंधळात, चर्चेविना निघून जातात.

पैशाची बाजूही सांगितली पाहिजे. नवे सरकार पहिल्याच अधिवेशनात काहीतरी मोठे जाहीर करते. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर ठाकरे सरकार आले आणि डिसेंबरात नागपूरला दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती जाहीर झाली. ज्याचे थकित कर्ज दोन लाखांच्या वर, तो पूर्णच बाहेर. ऊसवाल्याचे पीककर्ज मोठे, त्यामुळे आपल्यातले बरेच जण कुंपणावरून बघत राहिले. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांचे प्रोत्साहन त्याच सरकारने कबूल केले आणि त्याचा शासन निर्णय निघाला जुलै २०२२ मध्ये, दुसऱ्या सरकारच्या सहीने.

आता उसाच्या दराचे. एफआरपी ठरवणे विधानसभेच्या हातात नाही, ते दिल्लीचे काम. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातले. तरी राज्याने त्यात हात घातलाच. २१ फेब्रुवारी २०२२ चा शासन निर्णय आठवा. एफआरपीचे दोन तुकडे. पहिली उचल विभागाच्या ठरीव उताऱ्यावर, पुणे-नाशिकला १० टक्के आणि आपल्या औरंगाबाद विभागाला साडेनऊ. बाकीचे हंगाम संपून अंतिम उतारा निघाल्यावर. याला सभागृहात एक हातसुद्धा वर करावा लागला नाही, मंत्रालयातून कागद निघाला की झाले. सरकार बदलले, एकरकमीच्या घोषणा झाल्या, कागद तसाच राहिला. १७ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, तोही राजू शेट्टी यांच्या याचिकेवर. कारखान्याच्या बाजूने पाहता एकरकमी पैसे उभे करणे सोपे नाही, साखर गोदामात आणि बँकेचे व्याज चालू. पण दोन आघाड्यांची सरकारे येऊन गेली आणि हा प्रश्न सुटला कोर्टात, हे सभासदाने ध्यानात ठेवावे.

हंगाम केव्हा सुरू करायचा हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती ठरवते. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस, आपल्याकडे परंडा-भूम भागात शेतं पाण्याखाली असताना, त्या समितीने १ नोव्हेंबरची तारीख दिली आणि गाळपाच्या टनामागे १५ रुपये घ्यायचे ठरवले, १० मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ पूरग्रस्तांसाठी. ज्याचा ऊस पुरात आडवा झाला त्याच्याच टनावर पूरग्रस्तांची वर्गणी, असा ओरडा झाला. तेव्हा सरकारने खुलासा केला की ही रक्कम कारखान्यांनी द्यायची आहे, शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापायची नाही. तेव्हा बिल हातात आल्यावर कपातीचे रकाने एकेक करून वाचावेत, आणि पंधरा रुपयांचा असा रकाना कुठे दिसला तर पावती घेऊन गट ऑफिसात यावे.