मार्का ओळखणारे औषध

सन २०१५ च्या दशलक्षण पर्वात शास्त्रवाचन चालू असता आमचे वडील बंधू अण्णा तासाभरात तीनदा उठून बाहेर गेले. मंडळींनी पाहिले, आम्हीही पाहिले. परंतु विचारले कोणीच नाही. लघवीची तक्रार चारचौघांत बोलावयाची नसते, असा आपल्या पेढ्यांवरचा संकेतच आहे. त्या संकोचात आठ महिने गेले. पुढे तपासणी झाली तेव्हा पुरःस्थ ग्रंथीत, म्हणजे डॉक्टर मंडळी जीस प्रोस्टेट म्हणतात तीत, कर्करोग निघाला. संपादकांनी आमच्याकडे धान्यबाजाराविषयी लेख मागितला होता. त्याऐवजी आम्ही हे लिहीत आहोत, त्याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. लघवी वारंवार होणे हे उतारवयात बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीने होते. प्रारंभीचा कर्करोग तर काहीच लक्षण दाखवीत नाही. म्हणून रक्तातील पी.एस.ए. नावाचे प्रथिन मोजतात. परंतु हा अंक साध्या वाढीने वा दाहानेही चढतो, आणि रोग असल्यास तो कोठे आहे हे सांगत नाही. वखारीत किडीचा वास यावा, पण किडके पोते कोणते ते कळू नये, तसेच हे आहे.

अण्णांची ग्रंथी २०१६ मध्ये शस्त्रक्रियेने काढली. अंक शून्याजवळ आला. २०२१ मध्ये तो पुन्हा चढू लागला. हाडांचे जुन्या पद्धतीचे चित्रण केले, त्यात काही दिसेना. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी पी.एस.एम.ए. चित्रण करण्यास सांगितले, आणि त्यात ओटीपोटातील दोन बारीक गाठी व एका बरगडीवरील ठिपका स्पष्ट उमटला.

हे पी.एस.एम.ए. म्हणजे प्रोस्टेटच्या पेशीच्या आवरणात रोवलेले एक प्रथिन होय. त्याचे लहानसे टोक पेशीच्या आत आणि मोठा भाग बाहेर असतो. कर्करोगाच्या पेशींवर ते पुष्कळच अधिक असते. आपण पोत्यावर पेढीचा मार्का मारतो आणि हमाल हजार पोत्यांतून तेवढीच उचलतो, तद्वत् हा मार्का समजावा. १९८७ मध्ये त्याचा सुगावा एका प्रतिपिंडामुळे लागला, आणि १९९६ मध्ये त्या प्रतिपिंडावर आधारलेल्या चित्रणास अमेरिकेत परवानगीही मिळाली. मौज अशी की तो प्रतिपिंड मार्क्याच्या आतल्या टोकास चिकटणारा निघाला. जिवंत पेशीत त्यास शिरकाव नसे, म्हणून चित्र धूसर येई. पुढे संशोधकांनी बाहेरील भागास बिलगणारे लहान रेणू घडविले. त्यांस गॅलियम-६८ हे किरणोत्सारी द्रव्य जोडले की चित्र उमटते. हा माल टिकाऊ नाही; ६८ मिनिटांत निम्मा उरतो. अमेरिकेत त्यास डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली.

मार्का सापडला, तर त्याच वाटेने औषधही का धाडू नये? गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ जोडले की तेच काम होते. पेशी तो रेणू गिळते, आणि किरण फार तर दोन मिलिमीटरपर्यंत जाऊन तिला आतूनच मारतात. हे ल्युटेशियम आपल्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होते, हे वाचून आम्हांस अभिमान वाटला.

तथापि तोटेही सांगितले पाहिजेत. नाव प्रोस्टेटचे असले तरी हा मार्का लाळग्रंथींवर आणि मूत्रपिंडांतही असतो. अण्णांचे तोंड कोरडे पडते. भाकरी ताकात कुस्करून खावी लागते. काही रोग्यांच्या गाठींवर मार्का नसतोच. त्यांस हे औषध निरुपयोगी. म्हणून आधी चित्रण, मगच औषध.

मधल्या काळात पुरुषी संप्रेरक रोखण्याची औषधे झाली. (हा मार्ग शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविला व १९६६ मध्ये त्यांस नोबेल मिळाले.) नंतर केमोथेरपी झाली. दोन्ही थकल्यावर ल्युटेशियमचा प्रश्न आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८३१ रोग्यांवरील प्रयोगाचे आकडे भाच्याने वाचून दाखविले: नेहमीच्या उपचारावर मध्यांक आयुष्य ११.३ महिने, ल्युटेशियम जोडल्यास १५.३.

अण्णा जन्मभर आडत्या. ते म्हणाले, "चार महिन्यांच्या नफ्यासाठी एवढी रक्कम गुंतवायची?" वहिनी काही बोलल्या नाहीत. आम्ही म्हणालो, "अण्णा, मध्यांक म्हणजे अर्ध्यांचे त्याहून अधिक. आणि रक्कम दोन्ही पेढ्यांची आहे, तुमची एकट्याची नव्हे." ते बराच वेळ हिशेबाच्या वहीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्याची गाडी पाहा."

दर सहा आठवड्यांनी एक, अशा सहापर्यंत मात्रा असतात. प्रत्येक मात्रेनंतर काही दिवस नातवंडांस दूर ठेवावे लागते, हेच अण्णांस सर्वांत जड जाते. चार मात्रा झाल्या. अंक ६४ वरून ११ वर आला आहे. रोग गेला असे डॉक्टर म्हणत नाहीत.

रोग्याच्या सख्ख्या भावास धोका सुमारे दुप्पट असतो, असे कळल्यावर आम्हीही रक्त दिले. अंक ठीक आला. आमच्या दोघा पुतण्यांस आम्ही हे सर्व जेवणाच्या पंगतीतच सांगितले; सुना संकोचल्या, पण ऐकत राहिल्या.

पाचवी मात्रा येत्या पंधरवड्यात आहे. निघण्यापूर्वी नव्या तुरीचे नमुने दाखवावेत, असा अण्णांचा निरोप आहे.