मज्जारज्जूत वाटा अनेक

गैरसमज: मज्जारज्जू म्हणजे एकच जाड तार. इजा झाली की हालचाल आणि संवेदना दोन्ही एकदम जातात.

करंगळीएवढ्या जाडीच्या या रज्जूत कामांची काटेकोर वाटणी आहे. हालचालीचा हुकूम मेंदूकडून खाली आणणारा मुख्य मार्ग कॉर्टिकोस्पायनल. हलका स्पर्श, कंप आणि सांधा कोणत्या स्थितीत आहे याची खबर मागच्या स्तंभांतून वर जाते. वेदना आणि गरम-गार यांची वाट निराळी. ती रज्जूच्या पुढच्या भागातून मेंदूतल्या थॅलॅमसकडे जाते. त्यामुळे एक जातं आणि दुसरं शाबूत राहतं, असं सहज घडू शकतं.

ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत नेमकं हेच होतं. आधी झिजतात ते मागचे स्तंभ, आणि त्यांच्या जोडीला हालचालीचा मार्ग. माणूस सांगतो, ‘बेसिनवर डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो’, ‘अंधारात चालता येत नाही’, ‘चप्पल पायातून कधी निसटली कळलंच नाही’. पाय कुठे आहे हे मेंदूला डोळ्यांनी पाहूनच कळत असतं; डोळे मिटले की तोही आधार जातो. टाचणी मात्र टोचते, गरम पाणी चटका देतं. मग घरचे म्हणतात, ‘कळतंय ना सगळं? मग नसा ठीक आहेत.’ डॉक्टर मात्र पायाच्या अंगठ्यावर कंप पावणारा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, टेकवून पाहतात. काटेकोर शाकाहारी, वयस्कर आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण उपचाराला फार उशीर झाला तर झीज पूर्ण भरून येत नाही.

गैरसमज: मेंदूची डावी बाजू उजवं शरीर चालवते, म्हणजे सगळे मार्ग एकाच ठिकाणी बाजू बदलतात.

बाजू बदलतात हे बरोबर, पण कुठे, हा कळीचा मुद्दा आहे. कॉर्टिकोस्पायनल मार्गाचे बहुतेक तंतू, साधारण ८० ते ९० टक्के, मेंदूच्या तळाशी मेड्युलामध्ये पलीकडे जातात आणि मग रज्जूत उतरतात. मागच्या स्तंभांतली खबर ज्या बाजूने आली त्याच बाजूने वर चढते आणि मेड्युलातच ओलांडते. वेदनेचा मार्ग मात्र इतका थांबत नाही. रज्जूत शिरल्यावर एक-दोन पातळ्यांच्या आतच तो पलीकडच्या बाजूला जातो.

आता समजा, पाठीच्या वरच्या भागात सुरा घुसला आणि रज्जूचा फक्त डावा अर्धा भाग कापला गेला. डावा पाय लुळा पडेल आणि तो कुठल्या स्थितीत आहे हेही कळणार नाही. उजव्या पायात ताकद पूर्ण असेल, पण त्याच्यावर उकळतं पाणी सांडलं तरी चटका जाणवणार नाही. एकाच जखमेची ही दोन पायांत झालेली विभागणी ज्याने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवली, तो शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार १८१७ साली मॉरिशसमध्ये जन्मला. मध्य-एकोणिसाव्या शतकातलं हे काम आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. (याच गृहस्थांनी १८८९ मध्ये, बहात्तरीत, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परतल्याचा दावा केला होता. तो टिकला नाही. रज्जूचं काम टिकलं.)

गैरसमज: कंबरेतली गादी सरकली म्हणजे मज्जारज्जू दबला.

‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली’ ही आपल्याकडची निदानं. त्यांतलं दुसरं निदान सत्याच्या जवळ असू शकतं. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. गादी बहुधा सरकते ती चौथ्या-पाचव्या मणक्याच्या आसपास. तिथे रज्जू नसतो, खाली लोंबणारी नसांची मुळं असतात. म्हणून सायटिकाची कळ त्या मुळाच्या वाटेने पायात उतरते. तरीही निर्धास्त राहायचं कारण नाही. दोन्ही पायांत अशक्तपणा, बसायच्या जागी बधिरता, लघवी अडकणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

गैरसमज: सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनने मज्जारज्जू कायमचा दुखावतो.

जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये या पद्धतीने भूल दिली. तेव्हापासून ती रूढ झाली. सुई टोचतात ती रज्जू संपतो त्याच्या खाली. इंजेक्शननंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, टोचलेली जागाही दुखते. पण वर्षानुवर्षं टिकणारी कंबरदुखी या सुईच्या माथी मारण्याला आधार नाही. बाळाला तासन्‌तास वाकून पाजणं आणि गरोदरपणात सैलावलेले स्नायू, इकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. आणखी एक: शस्त्रक्रिया चालू असताना ‘ओढल्यासारखं वाटतंय’ असं बाई म्हणाली, की नातेवाइकांना भूल लागली नाही असं वाटतं. वेदना आणि गरम-गार वाहणारे बारीक तंतू आधी बंद पडतात. दाब आणि ओढ काही प्रमाणात जाणवत राहू शकते. म्हणून भूल कुठवर चढली हे पाहायला डॉक्टर थंडगार बोळा त्वचेवर फिरवतात.

गैरसमज: अपघातानंतर पाय झटकला, म्हणजे तो बरा होतोय.

पाठीला जबर मार लागलेल्या रुग्णाशेजारी बसलेल्यांना हे सांगणं सर्वांत कठीण. तळव्याला हात लागताच पाय आखडतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांत आशा येते. पण हे प्रतिक्षेप रज्जूचा खालचा भाग मेंदूला न विचारता स्वतःच घडवू शकतो. उलट, इजेनंतर सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे ते गप्प असतात आणि नंतर जोरात परततात. त्यामुळे डॉक्टर पाय झटकण्यावर विसंबत नाहीत. ‘अंगठा हलवा’ म्हटल्यावर तो हलतो का, पुन्हा सांगितल्यावर पुन्हा हलतो का, हे ते पाहतात. गुदद्वाराभोवती स्पर्श कळतो का आणि तिथले स्नायू आवळता येतात का, हेही तपासतात. तपासणी अवघडलेपणाची असते, घरच्यांना ती अनेकदा अनावश्यक वाटते. पण तिथे थोडी जरी जाणीव उरली असेल, तर इजा अर्धवट आहे असं धरतात आणि सुधारणेची शक्यता बरीच वाढते.