पाणी निवळले म्हणजे शुद्ध झाले का?

गढूळ पाणी भांड्यात स्थिर ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वर निवळ पाणी उरते. हा प्रयोग आपण प्राथमिक वर्गात करून दाखवतो. मुले पुढे आपणहून निष्कर्ष काढतात, की निवळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी. हा निष्कर्ष कितपत खरा आहे, हे नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या उदाहरणावरून पाहू या.

नागपूरच्या उत्तरेला, कोलार आणि कन्हान या नद्यांच्या परिसरात खापरखेड्याचे औष्णिक वीजकेंद्र आहे. येथे २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे संच आहेत. म्हणजे एकूण क्षमता १३४० मेगावॅट. जवळच कोराडीचे मोठे केंद्र आहे. दोन्हीकडे दगडी कोळसा जळतो आणि आपल्या कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते.

एक हिशेब फळ्यावर मांडता येईल. एक युनिट वीज तयार करण्यास साधारण ०.७ किलो कोळसा लागतो असे धरू. खापरखेड्याचे सर्व संच पूर्ण क्षमतेने एक तास चालले, तर १३ लाख ४० हजार युनिट वीज मिळेल आणि सुमारे ९४० टन कोळसा जळेल. राख ३५ टक्के धरली, तर तासाला सुमारे ३३० टन राख! सर्व संच सदैव पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, हे खरे. तरीही राखेचा प्रश्न केवढा मोठा आहे याची कल्पना या आकड्यावरून येते.

या राखेचा काही भाग सिमेंट आणि विटांसाठी जातो. उरलेली राख पाण्यात कालवून नळांतून राखेच्या तलावात सोडण्याची पद्धत आहे. खापरखेड्याचा असा तलाव वारेगावजवळ आहे. तलावात राख तळाशी बसते आणि वर निवळ पाणी दिसते. हुबेहूब आपल्या वर्गातला प्रयोग!

पण चहाचे उदाहरण घ्या. चहाचा चोथा तळाशी बसतो, तरी चहा पाण्यातच राहतो. राखेचेही काहीसे तसेच आहे. कोळशात आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, पारा अशी मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. कोळशातील कार्बन जळून वायुरूपाने निघून जातो, तेव्हा मागे उरलेल्या राखेत यांतील बऱ्याच मूलद्रव्यांचे प्रमाण वाढलेले असते. शिवाय आर्सेनिक व सेलेनियम भट्टीच्या उष्णतेने वाफरूप होतात आणि धूर थंड होताना राखेच्या बारीक कणांच्या पृष्ठभागावर पुन्हा जमतात. पृष्ठभागावर असल्यामुळे पाण्याचा संपर्क येताच त्यांचा काही अंश विरघळू शकतो. हे पाणी जमिनीत झिरपले तर विहिरीपर्यंत, आणि वाहिले तर नदीपर्यंत पोहोचते.

येथे फार थोड्या प्रमाणालाही महत्त्व असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये केवळ एक दशांश ग्रॅम! ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि पाणी उकळल्याने जातही नाही. पाणी निवळलेले आहे एवढ्यावरून त्याविषयी काहीच सांगता येत नाही.

मग शास्त्रज्ञ तपास कसा करतात? पहिला नियम तुलनेचा. संशयित जागेच्या वरच्या अंगाला एक नमुना, खालच्या अंगाला दुसरा आणि आणखी दूर तिसरा. विहिरींच्या बाबतीत भूजलाचा उतार कोणत्या दिशेला आहे हे आधी पाहावे लागते. दुसरा नियम ऋतूचा. उन्हाळ्यात नदीचे पाणी आटते आणि विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण वाढते. पावसाळ्यात पाणी वाढते, पण गाळही येतो. म्हणून वर्षातून एकदाच घेतलेल्या नमुन्यावर भिस्त ठेवता येत नाही.

तिसरा नियम म्हणजे अनेक कारणे वेगळी करणे. कन्हानच्या खोऱ्यात वीजकेंद्रांबरोबर कोळशाच्या खाणी आहेत, गावांचे सांडपाणी आहे, शेतांतून वाहून येणारी खते आहेत. सांडपाणी मिसळले की जिवाणू ते कुजवताना पाण्यातील प्राणवायू वापरतात व त्याचे प्रमाण घटते. राखेमुळे प्राणवायू फारसा घटेलच असे नाही. तेथे गढूळपणा, सल्फेट, बोरॉन वाढलेले आढळतात. प्रत्येक प्रदूषणाची खूण अशी निराळी असते.

राखेची आणखी एक खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. भट्टीत कोळशातील खनिजे वितळतात. त्यांचे थेंब धुराबरोबर उडताना पृष्ठताणामुळे गोल होतात व तसेच थिजतात. त्यामुळे उडत्या राखेत काचेच्या चिमुकल्या गोळ्या भरपूर सापडतात. मातीचे कण मात्र वेडेवाकडे, कोनेदार असतात. नदी पावसाच्या मातीने गढूळ झाली की राखेने, याचा अंदाज शाळेतल्या सूक्ष्मदर्शकानेही बांधता येतो.

रासायनिक तपासणीला एक मर्यादा आहे. बाटलीतले पाणी त्या क्षणापुरते सांगते. काल रात्री काय सोडले गेले ते आज सकाळच्या नमुन्यात दिसेलच असे नाही. परंतु नदीच्या तळाशी दगडांना चिकटून राहणारे कीटक, अळ्या, गोगलगायी तेथे आठवडेच्या आठवडे काढतात. जे घडले ते त्यांनी सोसलेले असते. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८-०९ च्या सुमारास पाण्यातील सजीवांवरून प्रदूषणाची पातळी ठरवण्याची पद्धत मांडली, आणि आजच्या जैविक तपासणीचा पाया घातला गेला.

मेफ्लाय या कीटकाच्या पिलांना पोटाच्या कडेने नाजूक कल्ले असतात. त्यांना स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाणी व दगडांमधल्या फटी लागतात. सांडपाणी वाढले की ही पिले नाहीशी होतात व त्यांच्या जागी लाल अळ्या व गांडुळांसारखे बारीक कृमी वाढतात. या अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्याने कमी प्राणवायूतही त्यांचे भागते. राख साचली की चित्र बदलते. दगडांमधल्या फटी बुजतात, तळ गुळगुळीत होतो, माशांची अंडी झाकली जातात, सूर्यप्रकाश खोल जात नाही म्हणून शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. अशा वेळी सजीवांचे प्रकार व संख्या दोन्ही घटतात. शेवाळ गेले की कीटक गेले, कीटक गेले की मासे गेले. आणि मासे गेले की नदीवर पोट असलेल्या ढीवर कुटुंबाची टोपली रिकामी राहते.

हे सारे केवळ पुस्तकी नाही. मंथन अध्ययन केंद्र आणि इतर संस्थांनी २०२१ मध्ये कोराडी-खापरखेडा परिसरातील गावांची पाहणी प्रसिद्ध केली. विहिरी, हातपंप व नदीनाल्यांच्या अनेक नमुन्यांत विरघळलेले क्षार व काही विषारी मूलद्रव्ये मानकांपेक्षा जास्त आढळली. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखमिश्रित पाणी शेतांत, नाल्यांत व नदीत शिरले. कोलार पुढे कन्हानला मिळते आणि नागपूर शहराच्या मोठ्या भागाला कन्हानचे पाणी जाते. शहराला उजेड देणारी राख शहराच्याच पाण्याच्या वाटेवर साठवलेली आहे, ही या प्रश्नाची खरी गाठ होय.

असे इतरत्रही घडले आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ रोजी राखेचा बांध फुटला आणि सुमारे ४१ लाख घनमीटर राखचिखल एमरी नदीत व आसपास पसरला. सफाईला कित्येक वर्षे लागली.

उपाय ज्ञात आहेत. राख कोरडीच गोळा करणे, तलावाच्या तळाला अस्तर घालणे, बांधांची पावसाळ्यापूर्वी तपासणी करणे आणि राख वापरात आणणे. राखेच्या वापराविषयी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९९९ मध्ये निघाली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक केला. नियम पाळला जातो की नाही हे समजण्यासाठी मात्र नदीची नियमित मोजणी हवीच. १९५८ मध्ये स्थापन झालेली ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था नागपुरातच आहे. पण प्रत्येक नाल्यावर शास्त्रज्ञ उभा राहू शकत नाही.

शाळा मात्र जवळपास प्रत्येक नाल्याजवळ असते! २० सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या चकतीचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन व वर खुणांची दोरी बांधा. पुलावरून पाण्यात सोडल्यावर ती किती खोलीवर दिसेनाशी होते याची नोंद दर महिन्याला ठेवा. ही युक्ती सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरली. जोडीला पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि उथळ काठावरच्या दगडाखाली कोणते कीटक आहेत ते मोजून दगड पुन्हा जागेवर ठेवा. मुलांना खोल पाण्यात किंवा राखेच्या तलावाजवळ नेऊ नये. नंतर हात साबणाने धुवावेत. या नोंदींवरून आर्सेनिक कळणार नाही, पण प्रयोगशाळेत नमुना केव्हा आणि कोठून पाठवावा हे निश्चित कळेल.

आता पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे. निवळण्याच्या प्रयोगानंतर मुलांना एवढेच विचारावे, “गाळ खाली बसला. पाण्यात काय राहिले?” उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल. हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर प्रयोग पूर्ण झाला असे आम्ही समजू.