पाईप घराचा, वायर कंपनीची

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या औसा रोडला एखाद्या गच्चीवर उभे राहिले, की डोक्यावर काळ्या वायरींचे जाळे दिसते. त्यातल्या काही चालू, काही केव्हाच बंद पडलेल्या. इंटरनेटची कंपनी बदलली की नवी वायर येते, जुनी काढायचे मात्र कुणाच्याच लक्षात राहत नाही. नवीही येते ती घाईत. कठड्यावरून, खिडकीच्या चौकटीतून, कपाटामागून. मग 'नीट'ची ऑनलाइन सराव परीक्षा ऐन रंगात असताना नेट जाते आणि घरातले सगळे कंपनीला दोष देतात. दोष पुष्कळदा खिडकीच्या झडपेखाली चिमटलेल्या त्या वायरीचा असतो.

वाकली की गळती

या वायरीतून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की बारीक काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येते. त्यामागचा एक हेतू शरीराच्या आत डोकावण्याचा होता. एंडोस्कोपीची वाट तिथूनच रुंदावली. आज तोच काचतंतू घरोघरी इंटरनेट आणतो.

त्याचा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा, तर माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा. गाभ्यातला प्रकाश कडेवर आपटून पुन्हा आत वळतो आणि पुढे सरकतो. तंतूला टोकदार वाक दिला, की आपटण्याचा कोन बदलतो आणि थोडा प्रकाश बाहेर निसटतो. घरात वापरायच्या तंतूच्या एका प्रचलित प्रकाराला १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंतचा वाक चालतो. तरी घरासाठी सोपा नियम असा, की वायरीचे वेटोळे बांगडीपेक्षा लहान करू नये आणि कोपऱ्यात तिला काटकोनात मोडू नये. खिळा वाकवून वायर दाबण्याऐवजी प्लास्टिकची क्लिप वापरावी.

एक आकडा विचारा

जोडणी झाल्यावर तंत्रज्ञाकडच्या पॉवर मीटरवर एक उणे आकडा दिसतो. त्याचे एकक डीबीएम. उणे २० म्हणजे मिलिवॉटचा शंभरावा भाग. त्यापुढे दर ३ आकड्यांना प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २३ला उणे २०च्या निम्माच. घरगुती यंत्रणेत साधारण उणे २७च्या आसपास राउटरची हद्द येते. खांबावरच्या किंवा इमारतीतल्या डब्यापाशी एकदा आणि राउटरपाशी एकदा मोजायला सांगावे. दोन आकड्यांत १पेक्षा जास्त फरक निघाला, तर वाटेत कुठेतरी वाक आहे किंवा जोड कच्चा आहे. शेवटचा आकडा तारखेसह राउटरच्या तळाशी लिहून ठेवावा. पुढे तक्रार करताना तोच पुरावा ठरतो.

भिंत, पाऊस आणि वीज

माणूस येण्याआधीच राउटरची जागा ठरवावी. ती शक्यतो घराच्या मध्यावर, उंचावर आणि विजेच्या बोर्डाजवळ असावी. माळवदाच्या जुन्या घरात भिंती जाड असतात, म्हणून लांब ड्रिल लागेल हे आधीच कळवावे. भोक बाहेरच्या बाजूला उतरते घ्यावे. वायर आत शिरण्याआधी भोकाखाली थोडी लोंबती ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच निथळते. उरलेली फट सिलिकॉनने बुजवावी. बाहेर काळी वायरच हवी. आतल्या वापराची पांढरी वायर मराठवाड्याच्या उन्हात लवकर तडकते.

काच वीजवाहक नाही, पण बाहेरच्या वायरीला ताण सोसण्यासाठी अनेकदा पोलादी तार जोडलेली असते. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा ही तार धोक्याची ठरू शकते. ती भिंतीबाहेरच्या हुकाला अडकवून तिथेच थांबवावी आणि आत फक्त तंतूची वायर न्यावी. विजा सुरू झाल्या की राउटरचा अ‍ॅडॉप्टर काढून ठेवणे बरे. महावितरणच्या तारांजवळून वायर ओढू देऊ नये.

तंतू कापताना उडालेले काचेचे बारीक तुकडे कातडीत रुततात, डोळ्यांत जाऊ शकतात. ते चिकटपट्टीवर टिपून बाटलीत बंद करावेत, पायदळी जाऊ देऊ नयेत. सुट्या टोकातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यात डोकावू नये आणि मुलांनाही दूर ठेवावे.

जुनी आणि नवी

नवी जोडणी आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनी बंद करू नये. नंतर जुना राउटर परत देताना पावती घ्यावी आणि जुनी वायर खांबापर्यंत उतरवून न्यायला सांगावी. हिरव्या तोंडाचा जोड निळ्या तोंडाच्या जोडात घालू नये. हिरव्याचे टोक तिरपे घासलेले असते, त्यामुळे दोन्ही काचा नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो.

पुन्हा पुन्हा भिंत फोडणे टाळायचे, तर कायमचा उपाय साधा आहे. गच्चीपासून राउटरच्या जागेपर्यंत विजेच्या वायरिंगपासून वेगळा २५ मिलिमीटरचा पाईप टाकावा आणि कोपऱ्यात एल्बोऐवजी लांब बेंड वापरावा. घर बांधताना गिलाव्याआधीच हे केले तर खर्च नगण्य. पाईपमध्ये नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. कंपनी बदलली की त्या दोरीला नवी वायर बांधून ओढायची आणि ओढताना सोबत दुसरी दोरीही आत जाऊ द्यायची.