पाकिटा, पाकिटा, कुठवर गेलंस?

मुलांनो, गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेतली पाचवीची मुलं दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेशी संगणकावरून गप्पा मारणार होती. आठ दिवस नुसती धांदल चालली होती. कुणी कविता पाठ केली होती, कुणी आपल्या गावचा नकाशा काढला होता. ठरल्या वेळी पडद्यावर तिकडची मुलं दिसली. सगळ्यांनी हात हलवले आणि दोनच मिनिटांत चित्र थिजलं! ते काही केल्या हलेना.

“बाई, त्यांचंच नेट गेलं!” आमची मुलं ओरडली. तेवढ्यात फोन वाजला. तिकडच्या बाई म्हणाल्या, “अहो, आमची मुलं म्हणताहेत तुमचंच गेलं!”

आता आली का पंचाईत! दोष कुणाकडे, हे ओरडून थोडंच ठरणार? त्यासाठी निरोप कुठवर पोचतो आणि कुठे अडतो, ते पाहायला हवं. आणि गंमत म्हणजे, ते पाहायची सोय संगणकातच असते.

वाट विचारत जाणारं पाकीट

आपण पाठवलेलं चित्र किंवा आवाज एकसंध जात नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे होतात. अशा एका तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण त्याला सरळ पाकीटच म्हणू या. एका पाकिटात साधारण दीड हजार इंग्रजी अक्षरांएवढा मजकूर मावतो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, तोही आकड्यांत.

हे पाकीट योग्य ठिकाणी पोचवतात राउटर नावाची यंत्रं. तुम्ही कधी परगावी पत्ता विचारत गेला आहात का? पहिला माणूस सांगतो, “सरळ जा, पिंपळापाशी विचारा.” पिंपळाखालचे आजोबा सांगतात, “डावीकडे वळा, गिरणीपाशी विचारा.” सगळी वाट कुणालाच ठाऊक नसते. जो तो फक्त पुढचा टप्पा सांगतो. राउटरचंही अगदी तसंच. पाकिटावरचा पत्ता पाहायचा आणि ते पुढच्या राउटरकडे ढकलायचं.

पण समजा, आजोबा म्हणाले “गिरणीपाशी विचारा” आणि गिरणीवाला म्हणाला “पिंपळापाशी विचारा,” तर? आपण दिवसभर गोल गोल फिरत राहू! पाकिटांचंही असं होऊ शकतं. वाट चुकलेली लाखो पाकिटं अशी फिरत राहिली, तर सगळे रस्ते तुंबून जातील. म्हणून प्रत्येक पाकिटावर त्याच्या आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो. तो जास्तीत जास्त २५५ असू शकतो. प्रत्येक राउटर त्यातून १ वजा करतो. आकडा शून्य झाला, की तो राउटर पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला उलट निरोप धाडतो : ‘तुमचं पाकीट माझ्यापाशी संपलं.’ या निरोपावर राउटरचा स्वतःचा पत्ता असतो बरं का! तेवढा लक्षात ठेवा.

संपणारी पाकिटं वाट सांगतात

आता तुम्हीच सांगा, आपण मुद्दाम आकडा १ टाकून पाकीट पाठवलं तर? ते पहिल्याच राउटरपाशी संपेल आणि पहिल्या राउटरचा पत्ता आपल्याला कळेल. मग आकडा २ टाकायचा, दुसऱ्याचा पत्ता कळेल. मग ३, मग ४… असं करत करत एक दिवस, छे, दिवस कसला, थोड्याच वेळात पाकीट मुक्कामी पोचतं आणि तिथला संगणक स्वतःच उत्तर देतो. झाली की सगळी वाट कागदावर!

ही युक्ती सुचली स्टीव्ह डिअरिंग या संगणकतज्ज्ञाला. तिच्यावरून १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसराउट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पाकिटं भलतीकडे का जातात, हे ते शोधत होते. सलग ४८ तास न झोपता हा प्रोग्रॅम तयार झाला, असं त्यांनीच त्यात नोंदवून ठेवलं आहे. आयुष्याचा आकडा खरं तर पाकिटं भरकटू नयेत म्हणून होता. त्यातूनच वाट शोधायचं साधन निघालं!

घड्याळ काय सांगतं?

हा प्रोग्रॅम प्रत्येक टप्प्याला तीन तीन पाकिटं पाठवतो आणि उत्तर यायला लागलेला वेळही लिहितो. हा वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७२०० किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन निदान ७२ मिलिसेकंद तरी लागणारच. आणि समुद्राच्या तळाशी टाकलेली केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ जास्तच लागतो. यादीत १० मिलिसेकंदांवरून आकडा एकदम शंभराच्या वर गेला आणि पुढेही तसाच राहिला, तर समजावं, बहुतेक पाकिटाने समुद्र ओलांडला!

कधी कधी उत्तराच्या जागी नुसत्या चांदण्या उमटतात. घाबरू नका. काही राउटर अशा पाकिटांना उत्तरच देत नाहीत, पण बाकीची पाकिटं गुपचूप पुढे पाठवतात. चांदण्यांनंतर पुढच्या टप्प्यांची उत्तरं येत असतील, तर वाट चालू आहे.

मग आमचं काय झालं?

मी तिकडच्या संगणकाचा आकडी पत्ता घालून वाट शोधायला सांगितली. पहिल्या ओळीत आमच्याच ऑफिसातल्या राउटरचं उत्तर आलं. त्यापुढे मात्र एकही उत्तर नाही, अगदी शेवटपर्यंत. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. आम्ही ऑफिसात गेलो. पताका लावायला जागा हवी म्हणून मुलांनी सकाळी कपाट सरकवलं होतं आणि त्यामागची, बाहेरून राउटरला येणारी वायर ताणली गेली होती. ती आता पार निसटली होती! दोष आमचाच होता.

वायर खोचली. चित्र हललं. सगळ्यांत मोठ्याने “त्यांचंच नेट गेलं” म्हणणारा मुलगाच पुढे झाला आणि तिकडच्या मुलांना म्हणाला, “सॉरी हं, आमचंच होतं.” मला त्या दिवशी हे वाक्य सगळ्या कवितांहून आवडलं.

करून बघा

आईबाबांना सोबत घ्या. विंडोज असलेल्या संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा. टी, आर, ए, सी, ई, आर, टी ही अक्षरं लिहा, जागा सोडून एखाद्या संकेतस्थळाचं नाव लिहा आणि एंटर दाबा. जास्तीत जास्त ३० टप्पे दिसतील. सकाळी एकदा करा, संध्याकाळी एकदा. दोन्ही याद्या वहीत उतरवा. वाट तीच आहे की बदलली? कोणत्या टप्प्याला वेळ एकदम वाढला?

आणि पुढच्या वेळी नेट बंद पडलं, तर कुणाला नावं ठेवण्याआधी पाकिटाला विचारा : कुठवर गेलंस रे बाबा?