धुक्यापलीकडची धावपट्टी

पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके उतरले की एस.टी.चा ड्रायव्हर काय करतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. तो दिवे लावतो, वेग कमी करतो, खिडकीतून डोके बाहेर काढतो आणि अगदीच काही दिसेनासे झाले तर गाडी कडेला घेऊन उभी करतो. वैमानिकाला यातले काहीच जमण्यासारखे नाही. उतरतानासुद्धा मोठ्या प्रवासी विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. एका मर्यादेखाली तो आणला तर विमान हवेत तरंगणारच नाही. आकाशात कडेला उभे राहण्याची सोय नाही आणि टाकीतले इंधन तर मिनिटामिनिटाला कमी होत असते. तरीही दर हिवाळ्यात दिल्लीच्या दाट धुक्यात विमाने उतरतात. ती कशी उतरतात आणि कधीकधी का उतरत नाहीत, याची गोष्ट शंभर वर्षांची आहे.

धुक्यात किंवा ढगात शिरलेल्या वैमानिकाला सर्वांत आधी फसवतो तो त्याचा स्वतःचा कान. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा आपल्या अंतर्कर्णात असते. जमीन, झाडे, क्षितिज दिसत असते तोवर डोळे तिच्या चुका सुधारत राहतात. काहीच दिसेनासे झाले की विमान हळूहळू एका अंगावर कलले तरी माणसाला ते सरळच वाटते आणि खरोखर सरळ केले की उलट बाजूला कलल्याचा भास होतो. कितीही अनुभवी वैमानिक असला तरी त्याची यातून सुटका नाही. हा देहधर्मच आहे.

यावर उपाय सापडला तो २४ सप्टेंबर १९२९ रोजी. न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल नावाच्या अमेरिकन लष्करी वैमानिकाने आपली बैठक पूर्णपणे झाकून घेतली आणि बाहेरचे काहीही न पाहता विमान उडवले, फिरवले आणि परत उतरवले. अडीनडीला असावा म्हणून पुढच्या जागेवर दुसरा वैमानिक बसला होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. डूलिटलच्या समोर होते फिरत्या भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक, रेडिओचे संदेश आणि पॉल कोल्समन याने बनवलेला, उंचीतला बारीक फरकही दाखवणारा उंचीमापक. पंधरा मिनिटांच्या त्या उड्डाणाने वैमानिकांना नवा धडा दिला : शरीर काय सांगते ते ऐकू नका, समोरच्या तबकड्या काय सांगतात ते ऐका.

पण तबकडीच खोटे बोलली तर? मुंबईकरांच्या एका पिढीला १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवत असेल. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोनच मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. त्या रात्री धुके नव्हते, पण समुद्रावर गडद अंधार होता आणि क्षितिज दिसत नव्हते. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते. विमान उजवीकडे कललेले आहे असे ते दाखवत राहिले, म्हणून कॅप्टन ते डावीकडे झुकवत गेले. सहवैमानिकासमोरचे यंत्र आणि राखीव यंत्र खरी स्थिती दाखवत होते, पण तीन साक्षी पडताळून पाहायला लागणारे काही क्षण हाती उरले नव्हते. एकाच यंत्राच्या शब्दावर विसंबू नये हा धडा तेव्हापासून अधिकच ठसला.

हे झाले हवेत तोल राखण्याचे. जमिनीला टेकणे त्याहून नाजूक. त्यासाठी धावपट्टीवरून दोन रेडिओ झोत सोडलेले असतात. एक धावपट्टीची मध्यरेषा सांगतो, तर दुसरा सुमारे तीन अंशांचा उतार. या अदृश्य घसरगुंडीवरून विमान खाली येते. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून लंडनला आलेल्या ‘ट्रायडेंट’ विमानाने प्रवाशांसह प्रथमच स्वयंचलितपणे चाके टेकवली. लंडनच्या कुप्रसिद्ध धुक्यामुळे ब्रिटिशांनी या कामात विशेष कष्ट घेतले, यात नवल नाही.

आज दिल्लीत जी ‘कॅट थ्री-बी’ व्यवस्था आहे ती याच घराण्यातली. धावपट्टीवर फक्त पन्नास मीटरपर्यंतचे दिसत असले तरी तिच्या आधारे उतरता येते. मात्र त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक हे तिघेही पात्र ठरलेले असावे लागतात. एक जरी कमी पडला तरी विमान जयपूरकडे किंवा आणखी कुठे वळते. ‘त्यांचे उतरले, मग आमचे का नाही?’ या प्रवाशांच्या रागाचे उत्तर बहुधा इथे असते. आणखी एक गंमत म्हणजे उड्डाणासाठी साधारण सव्वाशे मीटरपर्यंतचे दिसावे लागते, म्हणजे उतरण्यापेक्षा जास्त. कारण उतरताना काम यंत्र करते, तर उडताना माणसाचे हात.

धावपट्टीपर्यंत पोचण्याआधी वाटेत डोंगर असतात. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालिया कंपनीचे विमान मुंबईकडे येत असताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातले सर्व ९४ जण ठार झाले. विमानात बिघाड नव्हता. मुंबई जवळ आली अशा समजुतीने ते फार लवकर खाली आणले गेले होते. डॉ. होमी भाभा ज्यात होते ते एअर इंडियाचे विमान २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले, तेही आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकल्यामुळेच.

अशा अपघातांनी अस्वस्थ झालेल्या डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने अमेरिकेत धोक्याची सूचना देणारे यंत्र घडवले. सुरुवातीला ते फक्त विमानाच्या पोटाखालची जमीन पाहायचे, समोरचा सुळका त्याला कळत नसे. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियात काली शहराजवळ बोइंग ७५७ डोंगरावर आदळून १५९ जण गेले, तेव्हा या यंत्राचा इशारा मिळाला होता, पण केवळ बारा-तेरा सेकंद आधी. पुढे बेटमन यांच्या चमूने साऱ्या जगाच्या डोंगरदऱ्यांचे नकाशे यंत्रात भरले. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर तिथले लष्करी नकाशेही त्यांनी मिळवले. याच नकाशांच्या कल्पनेतून पुढे ‘सिंथेटिक व्हिजन’ आले. बाहेर काळोख असो वा ढग, वैमानिकासमोरच्या पडद्यावर लख्ख दुपारचे चित्र दिसते : डोंगर, नदी, धावपट्टी. अर्थात हे चित्र स्मरणातले. धावपट्टीवर आत्ता एखादी गाडी उभी असेल तर ती यात दिसणार नाही. शिवाय उपग्रहांचे संदेश कुणी मुद्दाम बिघडवले, तर चित्रातली जागाच चुकू शकते. युद्धक्षेत्रांच्या आसपास असे घडू लागले आहे.

म्हणून दुसरा डोळा हवा, आत्ताचे पाहणारा. विमानाच्या नाकाशी बसवलेला अवरक्त कॅमेरा उष्णतेतला फरक टिपतो आणि धुक्यातून धावपट्टीचे दिवे आपल्या डोळ्यांच्या आधी पाहतो. हे चित्र वैमानिकाच्या नजरेसमोरच्या पारदर्शक काचेवर उमटते. लढाऊ विमानांतून आलेल्या या काचेमुळे मान खाली घालावी लागत नाही. उतरण्याच्या वेगात तबकडीकडे पाहून पुन्हा वर पाहायला दोन सेकंद लागले, तरी तेवढ्यात सुमारे दीडशे मीटर मागे पडलेले असतात. २००१ साली गल्फस्ट्रीम विमानासाठी अशा कॅमेऱ्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तो बनवणारी कंपनी होती कोल्समन, डूलिटलच्या उंचीमापकाचीच! मग धावपट्ट्यांवर वीज वाचवणारे एलईडी दिवे आले. ते तापत नाहीत, त्यामुळे उष्णता शोधणाऱ्या कॅमेऱ्याला ते नीट दिसेनात. कॅमेऱ्यांना पुन्हा नव्याने शिकवावे लागले. शिवाय फार दाट, मोठ्या थेंबांच्या धुक्यापुढे अवरक्त किरणही हात टेकतात.

या साऱ्या यंत्रांच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : ‘दिसले’ असे केव्हा म्हणायचे? नेहमीच्या उपकरणांनी उतरताना सुमारे दोनशे फुटांवर निर्णयाची उंची येते. तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत. दिसले नाहीत तर विमान पुन्हा वर न्यायचे, चर्चा नाही. अमेरिकेने २००४ साली त्या काचेवरच्या चित्राला शंभर फुटांपर्यंत डोळ्यांची जागा दिली आणि २०१६ च्या नियमाने, ठरावीक अटींवर, थेट चाके टेकेपर्यंत. उंचीचा आकडा बदलला, पण नियमाचा गाभा तोच राहिला. मी ज्या बँकेच्या नोकरीत आयुष्य काढले, तिथेही चेकवरची सही ‘बहुधा त्यांचीच असावी’ म्हणून पास करता येत नसे. रांगेत कोण उभे आहे, याने सही बदलत नाही.

१० एप्रिल २०१० रोजी पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांना घेऊन निघालेले विमान रशियात स्मोलेन्स्कला दाट धुक्यात उतरू लागले. जमिनीचा धोका सांगणारे यंत्र विमानात होते. ‘वर घ्या’ असे ते पुन्हापुन्हा बजावत होते. विमान मात्र ठरलेल्या किमान उंचीच्याही खाली गेले आणि झाडांवर आदळले. ९६ जण ठार झाले. जमीन दिसत नसतानाही विमान खाली येत राहिले, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रशियन आणि पोलिश अशा दोन्ही चौकशी अहवालांनी नोंदवले. पुढे समारंभ होता, मोठी माणसे पाठीशी बसली होती. यंत्राची नजर त्या दिवशी कमी पडली नव्हती.

म्हणून यंदाच्या हिवाळ्यात, धावपट्टी अगदी जवळ आली असे वाटत असतानाच विमानाची इंजिने पुन्हा गरजली आणि ते एकदम वर निघाले, तर घाबरू नये आणि चिडूही नये. कॉकपिटमध्ये कुणीतरी समोर पाहून, जे दिसले नाही ते ‘दिसले नाही’ असे वेळेवर म्हटलेले असते. घरी पोचायला दोन तास उशीर होईल, जेवण गार होईल. ते पुन्हा गरम करता येते.